अनेक संस्थांची एक डिजिटल जागा: आखणीपासून निरोपापर्यंत

पाणलोटाच्या एखाद्या प्रकल्पात साधारण कोण कोण असतं? गावात वर्षानुवर्षं काम करणारी एक छोटी संस्था, जिल्ह्याच्या ठिकाणची एक मोठी संस्था, विहिरींच्या पातळ्या मोजायला विद्यार्थी पाठवणारं एखादं कॉलेज, सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला पैसा देणारी कंपनी आणि कडेला पंचायत समिती किंवा कृषी विभाग. पहिल्याच बैठकीत ठरतं की एक कॉमन ड्राइव्ह करू. कुणीतरी उत्साही माणूस त्याच संध्याकाळी आपल्या जीमेलवर फोल्डर बनवतो आणि ग्रुपवर लिंक टाकतो. वर्षभराने तो माणूस नोकरी सोडतो, आणि 'ही फाइल बघायची परवानगी द्या' अशा विनंत्या कुणी न उघडणाऱ्या इनबॉक्समध्ये साचत राहतात.

अशा वेळी दोष टूलला दिला जातो आणि नवं टूल आणलं जातं. पण एका संस्थेच्या आतली जागा आणि अनेक संस्थांच्या मधली जागा यांत मूळचाच फरक आहे. संस्थेच्या आत वाद झाला तर निवाडा करणारा कुणीतरी असतो. मधल्या जागेत तसा कुणी नसतो. तिथे प्रत्येक फोल्डर म्हणजे हक्काचा प्रश्न: कुणाचा, कुणी बदलायचा, कुणी बाहेर न्यायचा. हे प्रश्न आधी सोडवले तर साधं टूलही चालतं, आणि न सोडवता महागातलं घेतलं तरी ते पडून राहतं. खाली पाणलोटाचंच उदाहरण धरलं आहे. आरोग्य, शिक्षण किंवा शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कामालाही क्रम हाच लागू पडतो.

आधी देवाणघेवाणीची यादी

कागदावर प्रत्येक संस्थेसाठी दोन रकाने करा: आम्ही काय देणार, आम्हाला काय लागणार. 'माहिती' असं मोघम लिहू नका. 'दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी, मीटरमध्ये' असं लिहा. यादी झाली की बहुतेकांच्या लक्षात येतं की खरोखर सामायिक गोष्टी दहा-बाराच आहेत. बाकी सगळं, म्हणजे पगार, रजा, अंतर्गत हिशेब, इतर प्रकल्प, आपापल्या घरातच राहायला हवं. सामायिक जागा फुगते ती 'असू दे, कधीतरी लागेल' या वृत्तीने, आणि फुगलेल्या जागेत कुणी काही शोधत नाही.

याच टप्प्यावर एक तक्ता सुरू करा: कोण, काय, कुठे. संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी समन्वय कार्यालय आपत्तीच्या कामात अनेक संस्थांना जोडताना हाच तक्ता वापरतं. कोणती संस्था कोणत्या गावात काय करते, एवढंच त्यात असतं. एकाच गावात दोघं तलावाचा गाळ काढण्याची बोलणी करत आहेत आणि शेजारचं गाव कुणाच्याच यादीत नाही, हे अशा तक्त्यात लगेच दिसतं. पहिल्या महिन्यात एवढा एक तक्ता चालू राहिला तरी पुष्कळ झालं.

दोन पानांचा करार

सामंजस्य करार बहुतेक प्रकल्पांत असतो, पण त्यात उद्दिष्टं आणि पैशाचे हप्ते असतात. फायलींबद्दल अवाक्षर नसतं. म्हणून त्याला दोन पानांची पुरवणी जोडा. साध्या मराठीत लिहा, कारण ती वकिलापेक्षा क्षेत्र समन्वयकाला जास्त वेळा वाचावी लागणार आहे.

त्यात पाच प्रश्नांची उत्तरं हवीत. कोणती माहिती कुणाची? एकत्र तयार झालेला अहवाल कुणाच्या नावाने आणि कुणाच्या संमतीने बाहेर जाईल? फोटो आणि आकडे वापरताना श्रेय कसं द्यायचं? एखाद्याने ठरलेली माहिती वेळेवर दिली नाही तर काय? आणि एखादी संस्था बाहेर पडली तर काय घेऊन जाईल, काय मागे ठेवेल?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त कटुता येते. छोट्या संस्थेच्या कार्यकर्त्याने उन्हात फिरून गोळा केलेले आकडे मोठ्या संस्थेच्या वार्षिक अहवालात निनावी छापून येतात, आणि मग पुढच्या महिन्यापासून आकडे 'उशिरा' यायला लागतात. हे कुणी बैठकीत बोलून दाखवत नाही. म्हणून श्रेयाची ओळ आधीच शब्दशः लिहून ठेवा, आणि प्रकाशनापूर्वी मसुदा बघायला किती दिवस मिळतील तेही. सात दिवस ठीक. त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती धरायची की नाही, हेही लिहा, नाहीतर एकाच्या मौनापायी अहवाल महिनाभर अडतो.

जागा कुणाच्या नावावर?

इथे थोडं तांत्रिक खोलात जावं लागेल.

वैयक्तिक जीमेलच्या 'माय ड्राइव्ह'मधली फाइल ही ती बनवणाऱ्या व्यक्तीची असते. संस्थेचं गुगल वर्कस्पेस, म्हणजे गुगलची संस्थांसाठीची सेवा, असेल आणि कर्मचाऱ्याचं खातं फायली दुसऱ्याकडे न सोपवता काढून टाकलं, तर त्याच्या 'माय ड्राइव्ह'मधल्या फायलीही खात्याबरोबर जातात. शिवाय एका संस्थेच्या वर्कस्पेसमधल्या फाइलची मालकी दुसऱ्या संस्थेतल्या माणसाकडे थेट सोपवता येत नाही. 'नंतर ट्रान्सफर करू' हे आश्वासन इथेच फसतं.

'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये फाइल व्यक्तीची नसून ज्या संस्थेच्या वर्कस्पेसमध्ये तो ड्राइव्ह आहे तिची होते. माणूस गेला तरी फाइल राहते, म्हणून अनेक संस्थांच्या कामाला हाच पर्याय बरा. पण त्याची दुसरी बाजू लक्षात घ्या: जोडीदार संस्थेने तिथे टाकलेली फाइलही तांत्रिकदृष्ट्या यजमान संस्थेच्या ताब्यात जाते. यजमानाने उद्या दार लावलं तर बाकीचे बाहेर. करारात 'माहिती कुणाची' हे वेगळं लिहायचं ते यासाठीच. फाइल कुठे ठेवली आहे आणि ती कुणाची आहे, या दोन गोष्टी एक धरू नका.

वैयक्तिक जीमेलवरून शेअर्ड ड्राइव्ह बनवता येत नाही, पण दुसऱ्याने बनवलेल्या ड्राइव्हमध्ये जीमेलवाल्यांना सदस्य करता येतं. त्यामुळे सगळ्यांनी वर्कस्पेस घ्यायची गरज नाही, एकाने घेतलं तरी भागतं. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना पडताळणीनंतर गुगल ते विनामूल्य देतं. मायक्रोसॉफ्ट टीम्स वापरणाऱ्या मोठ्या संस्था किंवा कंपन्या जोडीदारांना 'गेस्ट' म्हणून घेतात. तेही चालतं, मात्र गावपातळीवरच्या कार्यकर्त्याला दर वेळी वेगळं लॉगिन बदलायला लावणं हा जाच होतो. माहिती आपल्याच सर्व्हरवर हवी असेल तर नेक्स्टक्लाउड हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. फक्त सर्व्हर सांभाळणारा माणूस पगारावर हवा. तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

यजमान कोण असावा? माझं मत स्पष्ट आहे: पैसा देणारी कंपनी नको. देणगीदाराच्या ड्राइव्हमध्ये कुणी कच्चे आकडे, अडचणी, फसलेले प्रयोग लिहीत नाही. सगळं आधी गुळगुळीत करून मगच टाकलं जातं. समन्वय करणारी संस्था यजमान असावी आणि 'मॅनेजर' हा हक्क किमान दोन वेगवेगळ्या संस्थांतल्या माणसांकडे असावा.

आणखी एक सवय ताबडतोब सोडा: प्रकल्पाच्या नावाने एकच जीमेल काढून पासवर्ड सगळ्यांना वाटायचा. कोणत्या बदलामागे कोण होतं हे फाइलच्या इतिहासात कधीच कळत नाही, सगळं एकाच नावावर पडतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे ओटीपी. तो कुणाच्या मोबाइलवर जातो? तो माणूस गावाकडे, मोबाइल स्विच ऑफ, आणि सादरीकरण अकरा वाजता. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. संपलेल्या प्रकल्पाचं खातं नेमकं या नियमात बसतं.

तीन वर्तुळं, तीन ड्राइव्ह

एकाच ड्राइव्हमध्ये फोल्डरवार हक्क देत बसू नका. वरच्या पातळीवर दिलेला हक्क साधारणपणे खालच्या फोल्डरांना आपोआप लागू होतो, आणि काही महिन्यांत कोण काय बघू शकतं हे कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा विश्वासाच्या वर्तुळानुसार वेगळे ड्राइव्ह करा.

पहिला, प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थांचा: कच्ची माहिती, मसुदे, बैठकांची इतिवृत्तं. दुसरा, देणगीदारासह सगळ्यांचा: तपासून पक्के केलेले आकडे, तिमाही अहवाल, पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रं. तिसरा, गावाला, पत्रकाराला, कुणालाही दाखवता येईल असा: नकाशे, माहितीपत्रकं, फोटो. पहिल्यातून दुसऱ्यात काय जाईल हे ठरवणारी दोन माणसं नेमा. देणगीदाराला पहिल्या ड्राइव्हचा हक्क मागावासा वाटेल. नम्रपणे नाही म्हणा आणि कारण करारात आधीच लिहिलेलं असू द्या.

हक्क देताना सरसकट 'एडिट' नको. शेअर्ड ड्राइव्हमध्ये 'काँट्रिब्युटर'ला फायली टाकता आणि बदलता येतात, पण हलवता किंवा काढून टाकता येत नाहीत. बहुसंख्य कार्यकर्त्यांसाठी हाच हक्क योग्य. फाइल चुकून ट्रॅशमध्ये गेली तर ती ३० दिवस परत आणता येते, त्यानंतर सदस्यांच्या हातात काही राहत नाही.

सरकारी कार्यालयांना या रचनेत सदस्य करण्याचा हट्ट सोडा. बाहेरच्या ड्राइव्हवर काम करण्याची मुभा तिथल्या माणसाला बऱ्याचदा नसते, आणि असली तरी त्याच्या दृष्टीने कागद तोच, ज्यावर आवक क्रमांक पडतो. त्यांच्यासाठी महिन्याचं एक पीडीएफ, सहीशिक्क्यासह पत्राला जोडून पाठवा आणि पोच मिळालेली प्रत ड्राइव्हमध्ये ठेवा.

गावाचं नाव: खरी मेहनत इथे आहे

अनेक संस्थांची माहिती एकत्र करताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? नावांत. एकीच्या तक्त्यात 'पिंपळगाव बु.', दुसरीच्यात 'पिंपळगाव बुद्रुक', तिसरीच्यात 'पिंपळगांव', कॉलेजच्या तक्त्यात रोमन लिपीतली चार स्पेलिंगं. संगणकाला ही सगळी वेगळी गावं. कराड आणि कऱ्हाड दोन्ही लिहिलं जातं. त्यात जिल्ह्यांची नावं बदलली: औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या सर्वेक्षणात जुनं नाव, नव्या तक्त्यात नवं. बेरीज करायला गेलं की एकच जिल्हा दोन ओळींत येतो.

उपाय म्हणजे नाव फक्त माणसांसाठी ठेवायचं आणि जोडणी क्रमांकाने करायची. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'त जिल्हा, तालुका, गाव, ग्रामपंचायत यांना क्रमांक दिलेले आहेत, आणि ते कुणालाही मोफत बघता येतात. २०११च्या जनगणनेतही प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी क्रमांक आहे. आपल्या प्रकल्पातल्या गावांची एक मूळ यादी करा: क्रमांक, नाव, तालुका, जिल्हा. बाकी प्रत्येक तक्त्यात गाव हाताने लिहायला बंदी. या यादीतूनच ड्रॉपडाउनने निवडायचं.

एक मेख आहे. वाडी, पाडा, तांडा, वस्ती यांना बहुधा स्वतंत्र क्रमांक नसतो, ती महसुली गावातच मोजली जातात. आपलं काम मात्र नेमकं तिथेच असतं. म्हणून गावाच्या क्रमांकापुढे आपला दोन अंकी जोडक्रमांक लावा आणि तो देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. दोघांनी दिला की पुन्हा तीच गत.

फॉन्टचाही एकदा निकाल लावा. जिल्ह्यातल्या बऱ्याच संस्थांकडे आणि छापखान्यांकडे अजून श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमधले दस्तऐवज आहेत. दुसऱ्याच्या संगणकावर ते अगम्य चिन्हांसारखे दिसतात, आणि ड्राइव्हच्या शोधातही सापडत नाहीत. सामायिक जागेत फक्त युनिकोड (कोणत्याही संगणकावर मराठी सारखीच दिसणारी पद्धत), हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. जुनं ते रूपांतर करून टाका किंवा निदान पीडीएफ करून, फाइलला युनिकोडमध्ये नाव देऊन ठेवा. तक्त्यांत आकडे मात्र इंग्रजी अंकांतच भरायला सांगा. देवनागरी अंक अनेकदा मजकूर समजले जातात आणि बेरीज अडते.

तारखेचं तसंच. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे तक्त्याच्या सेटिंगवर ठरतं आणि दोन संस्थांची सेटिंग वेगळी असू शकते. प्रत्येक सामायिक तक्त्यात लोकेल, म्हणजे देशाची सेटिंग, भारत ठेवा. फायलींच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे क्रम आपोआप लागतो: '२०२५-०६-१४_इतिवृत्त_समन्वय बैठक'. हे पटवून द्यायला वेळ लागतो. पहिले दोन महिने चुकीच्या नावाची फाइल दिसली की कुणावर न ओरडता स्वतः नाव बदलायचं आणि करणाऱ्याला एक निरोप टाकायचा.

व्हॉट्सअ‍ॅपशी भांडू नका

'इथून पुढे सगळं बोलणं ड्राइव्हवर' असं फर्मान काढून कुणाचं भलं झालेलं नाही. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत आणि राहणार. तिथे बोलणं होऊ द्या; निर्णय मात्र तिथे राहू देऊ नका. ड्राइव्हमध्ये 'निर्णय नोंद' नावाचा एक तक्ता ठेवा: तारीख, निर्णय एका वाक्यात, कुणी घेतला, कुणी करायचं, कधीपर्यंत. ग्रुपवर काही ठरलं की समन्वयक त्याच दिवशी ओळ भरतो आणि तिची लिंक ग्रुपवर टाकतो. नोंदीत नाही तो निर्णय झालाच नाही, असं सगळ्यांनी मान्य करायचं.

फोटोंबाबत वेगळी काळजी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातली स्थान-वेळेची नोंदही जाते. बंधाऱ्याच्या कामाआधीचा आणि नंतरचा फोटो पुरावा म्हणून लागणार असेल तर तो थेट ड्राइव्हवर चढवा. रेंज नसलेल्या भागात कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके यांसारखी साधनं उपयोगी: फॉर्म ऑफलाइन भरायचा, स्थान आणि फोटो त्यातच, रेंजमध्ये आल्यावर माहिती पाठवली जाते.

माणसांची माहिती वेगळी काढा

लाभार्थ्यांची नावं, मोबाइल, आधार, बँक खातं, सातबारा एकाच तक्त्यात ठेवून तो पाच संस्थांना खुला करणं आजही सर्रास चालतं. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, मुख्य जबाबदारी त्याची. काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी ती टळत नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. शाळांबरोबर काम करणाऱ्यांनी हे विशेष वाचावं.

व्यवहारात एवढं करा. ओळख पटवणारी माहिती ज्या संस्थेने गोळा केली तिच्याकडेच राहू द्या. सामायिक तक्त्यात नावाऐवजी कुटुंब क्रमांक टाका. विहिरीची पातळी किंवा पीकपद्धत यांच्या विश्लेषणाला कॉलेजला नाव लागत नाही. आधार मागायचंच झालं तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार घ्या. गोळा करतानाच कुटुंबाला सांगा की ही माहिती कोणकोणत्या संस्था बघतील. 'प्रकल्पासाठी' एवढं सांगून भागत नाही.

सांभाळणारा माणूस

धुळे-नंदुरबारकडच्या फड या सामूहिक सिंचनाच्या पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं असतं, पण पाणी सोडणं-वळवणं पाटकऱ्याकडे असतं, आणि त्याचा मोबदला शेतकरी मिळून देतात. सामायिक ड्राइव्हलाही असा पाटकरी लागतो. नवीन माणसाला हक्क देणं, गेलेल्याचे काढणं, चुकीच्या जागी पडलेल्या फायली हलवणं, महिनाअखेरीस कुणाचे आकडे आले नाहीत हे कळवणं, ही त्याची कामं. आठवड्याचा अर्धा दिवस धरा आणि तो वेळ प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात लिहा. 'कुणीतरी बघेल' असं सोडलं तर शेवटी ते सगळ्यात तरुण कार्यकर्त्याच्या गळ्यात पडतं, पगार न वाढता.

दर तिमाहीला त्याने सदस्यांची यादी सगळ्या संस्थांकडे पाठवायची आणि प्रत्येकीने आपली नावं तपासून उत्तर द्यायचं. संस्था सोडून गेलेल्यांची नावं यादीत निघतातच.

सुरुवात करताना सगळ्या संस्थांना एकदम आत घेऊ नका. दोन संस्था, एक तक्ता, एक महिना. त्यातही छोट्या संस्थेच्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर सगळं तपासा: त्याच्या फोनवर तक्ता उघडतो का, ड्रॉपडाउन बोटाने निवडता येतो का, ऑफलाइन भरलेलं पुढे जातं का. कार्यालयातल्या मोठ्या स्क्रीनवर सुंदर दिसणारा चाळीस रकान्यांचा तक्ता त्याच्यासाठी निरुपयोगी असेल, तर त्याचे तीन तक्ते करा. प्रशिक्षणही त्याच्या गावात, त्याच्या फोनवर घ्या. पॉवरपॉइंट नको.

बाहेर पडण्याची तालीम

सहा महिने झाले की सगळ्यात छोट्या संस्थेला सांगा: उद्या तुम्ही प्रकल्पातून बाहेर पडताय असं समजा, आणि तुमचं सगळं एका हार्डडिस्कवर उतरवून घ्या. फोल्डर डाउनलोड केला की गुगलचे दस्तऐवज वर्ड-एक्सेलच्या रूपात येतात, मागच्या आवृत्त्यांचा इतिहास येत नाही. ज्या फाइलचा इतिहास पुरावा म्हणून लागू शकतो तिच्या टप्प्याटप्प्याच्या प्रती वेगळ्या काढून ठेवा. दुसऱ्या फाइलमधून आकडे ओढणारी सूत्रंही तपासा, उतरवल्यावर ती बहुधा चालत नाहीत. डिस्क संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकाला लावून फायली उघडून बघायच्या, इंटरनेट बंद ठेवून. जे उघडलं नाही, जे सापडलं नाही आणि जे आपलं आहे की नाही हे कुणालाच सांगता आलं नाही, त्या तिन्हींची यादी करायची आणि पुढच्या समन्वय बैठकीत करारातली दुरुस्ती म्हणून मांडायची.